आर्तता आणि आरसा : ‘फीवर्स अँड मिरर्स’मधील ‘मी’चे स्वरूप

१

अमेरिकेत ‘इंडी फोक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गीतप्रकाराची चर्चा होते तेव्हा ‘कच्चे’, ‘उघडे’, ‘प्रामाणिक’ ही विशेषणे वारंवार वापरली जातात. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या बाहेर राहून, थोड्या वाद्यांच्या आणि थोड्या पैशांच्या आधारे एखादा तरुण गीतकार स्वतःची गाणी स्वतः गातो. त्याचा आवाज कापतो, मध्येच फुटतो, शब्द चालीबाहेर जातात. या सर्वांवरून श्रोता असा निष्कर्ष काढतो की हे दुःख खरे आहे, आणि ते गाणाऱ्याचेच आहे. हे दोन निष्कर्ष एकाच दमात काढले जात असले तरी ते दोन आहेत. दुःख खरे असणे आणि दुःख गाणाऱ्याच्या चरित्रात घडलेले असणे यांतील अंतर लक्षात न घेतल्यामुळे या गीतप्रकाराची समीक्षा अनेकदा गीतकाराच्या प्रकृतीची विचारपूस होऊन बसते.

या अंतराचा विचार करण्यासाठी ‘फीवर्स अँड मिरर्स’ हा अल्बम विशेष उपयुक्त ठरतो. ‘ब्राइट आइज’ या नावाने गाणाऱ्या कॉनर ओबर्स्टचा हा बारा गीतांचा संग्रह मे २०००मध्ये प्रसिद्ध झाला. १९८०मध्ये नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे जन्मलेल्या ओबर्स्टचे वय त्या वेळी वीस वर्षांचे होते. ताप, आरसा, तराजू, घड्याळ, दिनदर्शिका या मोजक्या प्रतिमांभोवती हा संग्रह फिरतो, आणि त्यातील भावना इतक्या अनावृत आहेत की प्रथम ऐकणाऱ्याला काहीसे संकोचल्यासारखे व्हावे. परंतु याच अल्बमच्या अकराव्या गीताच्या अखेरीस एक बनावट मुलाखत येते. त्या मुलाखतीत गीतकाराच्या प्रामाणिकपणाची, दुःखाची आणि प्रतिमांचीही थट्टा केलेली आहे. इतक्या आर्त गाण्यांनंतर ही थट्टा का, हा या अल्बमपुढचा खरा प्रश्न होय. ही थट्टा आर्ततेला रद्द करीत नाही. ती आर्ततेला चरित्रापासून सोडवते, आणि म्हणूनच ती संग्रहाच्या रचनेचा अविभाज्य भाग ठरते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

२

ओबर्स्टच्या गीतांतील ‘मी’ दोन वेगळ्या परंपरांच्या संगमावर उभा आहे. त्यांपैकी पहिली लोकगीताची. हॅरी स्मिथ याने संपादित केलेला ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक’ हा संच १९५२मध्ये फोकवेज या संस्थेने प्रसिद्ध केला. त्यातील ८४ ध्वनिमुद्रणांनी पुढील दशकातील लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाला मोठी सामग्री पुरवली. या परंपरेतील अनेक गीते प्रथमपुरुषी आहेत. त्यांतला ‘मी’ कधी फाशीची वाट पाहणारा असतो, कधी प्रेयसीला नदीकाठी मारणारा, कधी घर सोडून निघालेला. मात्र तो गाणाऱ्याचा ‘मी’ नसतो. गाणे ज्याच्या तोंडी येते त्याने तो काही काळ अंगावर घ्यायचा आणि पुढच्याकडे सोपवायचा, असा हा व्यवहार असतो. लोकगीतातील प्रथमपुरुष हा एका अर्थी सार्वजनिक मालमत्तेचा भाग असतो.

दुसरी परंपरा कबुलीकाव्याची. रॉबर्ट लोवेल याचा ‘लाइफ स्टडीज’ हा संग्रह १९५९मध्ये आला. त्याच वर्षी त्याचे परीक्षण करताना एम. एल. रोझेन्थल याने या कवितेचा संबंध कबुलीजबाबाशी जोडला, आणि तेव्हापासून ही संज्ञा रूढ झाली. येथे कवीने मुखवटा उतरवला आहे, कवितेतील ‘मी’ म्हणजे कवीच, घराणे, विवाह, मनोरुग्णालय हे सारे त्याचेच, अशी वाचकाची समजूत असते. किंबहुना ती समजूत हाच या काव्याच्या परिणामाचा एक भाग असतो. १९६५मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिल्व्हिया प्लाथच्या ‘एरिअल’पासून या समजुतीला मृत्यूची साक्ष मिळाली. कवयित्रीने आत्महत्या केली होती; मग कविता खोटी कशी असेल, असा हा तर्क. १९७१मधील जोनी मिचेलच्या ‘ब्लू’ या अल्बमपर्यंत हीच अपेक्षा गीतकार-गायकांकडेही वळलेली दिसते.

सारांश, एका परंपरेत ‘मी’ कोणाचाच नाही आणि दुसरीत तो एकाच माणसाचा आहे. इंडी फोक हा प्रकार वाद्ये आणि चाली पहिल्या परंपरेतून घेतो, तर श्रोत्याशी असलेला करार दुसऱ्या परंपरेतून. या दोहोंमधील ताण बहुतेक गीतकारांच्या बाबतीत झाकलेलाच राहतो. ‘फीवर्स अँड मिरर्स’मध्ये तो उघड्यावर येतो.

याला स्थानिक परिस्थितीचीही जोड आहे. ओबर्स्टने आपली पहिली ध्वनिफीत १९९३मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी प्रसिद्ध केली. ओमाहातील काही तरुणांनी त्याच सुमारास सुरू केलेल्या छोट्या प्रकाशनसंस्थेचे पुढे ‘सॅडल क्रीक’ झाले. हे नाव शहरातील एका रस्त्याचे आहे. न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस या व्यवसायकेंद्रांपासून दूर, देशाच्या मध्यभागातील या शहरात गाणारे, वाजवणारे आणि ध्वनिमुद्रण करणारे बव्हंशी एकमेकांचे मित्र होते. एकाच्या अल्बममध्ये दुसरा वाजवी, तिसऱ्याच्या गाण्यात चौथ्याचा आवाज ऐकू येई. ‘फीवर्स अँड मिरर्स’ची निर्मिती सांभाळणारा माइक मोगिस हाही याच वर्तुळातला. म्हणजे जो आवाज श्रोत्याला एका बंद खोलीतील एकट्या मुलाचा वाटतो, तो प्रत्यक्षात मित्रांच्या गराड्यात, अनेकांच्या हातांनी घडवला गेला होता. एकटेपणाचा हा आभास सामूहिक कारागिरीतून आलेला आहे, हे विसरता येत नाही.

३

‘मी’विषयीची अपेक्षा कोणत्या गोष्टींवर अवलंबून असते, हे पाहण्यासाठी एक तुलना करता येईल. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम १९८२मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची ध्वनिमुद्रणे न्यू जर्सीतील एका घरात, चार पट्ट्यांच्या साध्या कॅसेटयंत्रावर झाली होती. मूळ हेतू केवळ कच्चा आराखडा तयार करण्याचा होता. परंतु वाद्यवृंदासह केलेल्या प्रयत्नांपेक्षा हा आराखडाच अधिक परिणामकारक वाटल्याने तो जसाच्या तसा प्रसिद्ध करण्यात आला. पुढे घरगुती ध्वनिमुद्रणाच्या सौंदर्याची चर्चा करताना या अल्बमचा दाखला नेहमी दिला गेला. त्याचे शीर्षकगीत प्रथमपुरुषी आहे. त्यातला ‘मी’ म्हणजे १९५७-५८मध्ये अकरा जणांचे खून करणारा नेब्रास्कातील तरुण चार्ल्स स्टार्कवेदर.

स्प्रिंगस्टीन नेब्रास्काचा नव्हता आणि खुनीही नव्हता. तरीही त्या गीताला कोणी खोटे म्हटले नाही. त्यातील थंड, सपाट स्वर श्रोत्यांना खरा वाटला, आणि तो ‘मी’ कल्पित आहे याची जाणीव त्या खरेपणाच्या आड आली नाही. याउलट ओबर्स्ट नेब्रास्काचा होता, स्वतःच्याच वयाच्या मुलाविषयी गात होता, आणि त्याच्या प्रत्येक ओळीचा पुरावा श्रोत्यांना त्याच्या आयुष्यात हवा होता. स्प्रिंगस्टीनला जे कल्पनास्वातंत्र्य सहज मिळाले ते ओबर्स्टला का मिळू नये?

याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण वयाचे. तेहतीस वर्षांचा, नाव मिळवलेला गायक पात्र उभे करू शकतो असे गृहीत धरले जाते. विशीतल्या मुलाला मात्र ‘पात्र’ ही गोष्टच परवडत नाही, त्याच्याजवळ स्वतःखेरीज सांगण्यासारखे काही नाही, अशी समजूत असते. तरुणाच्या दुःखाला दाद देतानाच त्याची कलावंत म्हणून असलेली योग्यता नाकारणारी ही समजूत आहे. दुसरे कारण स्वराचे. स्प्रिंगस्टीनचा आवाज त्या गीतात भावनाशून्य राहतो, तर ओबर्स्टचा आवाज थरथरतो. थरथर ही शरीराची गोष्ट असल्यामुळे ती ठरवून करता येत नाही, असे श्रोता मानतो. रंगभूमीवरील नट रोज ठरल्या वेळी रडतो, हे ठाऊक असूनही ध्वनिमुद्रित आवाजाबाबत मात्र ही श्रद्धा टिकून राहते.

४

अल्बमचे बारकाईने श्रवण केले असता दिसते की या श्रद्धेला तो पहिल्या क्षणापासून आव्हान देत आहे. त्याचा आरंभ गायकाच्या आवाजाने होत नाही. एक लहान मूल गोष्टीचे पुस्तक मोठ्याने वाचत आहे, असे ध्वनिमुद्रण प्रथम ऐकू येते. मुलाचे वाचन अडखळते, सूर पाठांतराचा आहे. निरागस आवाजाचा याहून खात्रीशीर नमुना मिळणे कठीण; परंतु हा निरागस आवाज दुसऱ्याने लिहिलेला मजकूर वाचत आहे. आवाज स्वतःचा आणि शब्द परक्याचे, ही स्थिती पुढील साऱ्या गीतांना लागू पडणारी आहे, असे या योजनेतून सुचवले जाते.

तिसरे गीत ‘द कॅलेंडर हंग इटसेल्फ’ हे मत्सराचे गीत आहे. सोडून गेलेल्या प्रेयसीला तिच्या नव्या प्रियकराविषयी एकामागून एक प्रश्न विचारले जातात; गिटार धावत राहते आणि प्रश्नांचा वेग वाढत जातो. या धावपळीतच ‘यू आर माय सनशाइन’ या गीताचे शब्द येतात. जिमी डेव्हिस याच्या १९४०मधील ध्वनिमुद्रणामुळे लोकप्रिय झालेले हे गीत अमेरिकेत लहान मुलांनाही पाठ असते. ते आनंदी अंगाईसारखे गायिले जात असले तरी त्याची कडवी ऐकली तर ते सोडून गेलेल्या व्यक्तीला धमकावणारे गीत आहे, हे ध्यानात येते. ओबर्स्टचा मत्सर जेव्हा अत्यंत खासगी, अत्यंत अनावर होतो, नेमक्या त्याच ठिकाणी तो सर्वांच्या ओठांवर असलेले शब्द उसने घेतो. दुःखाच्या कळसाला भाषा स्वतःची उरत नाही, ती परंपरेची होते. लोकगीतातील सार्वजनिक ‘मी’ आणि कबुलीतील खासगी ‘मी’ यांची गाठ येथे पडते.

आठव्या गीताचे शीर्षक ‘हॅलाय, हॅलाय, अ लाय, हॅलाय’ असे आहे. ‘हॅलाय’ या शब्दाला रूढ अर्थ नाही. मात्र त्याच्या उच्चारात असत्य असा अर्थ असणारा ‘लाय’ हा इंग्रजी शब्द दडलेला आहे, आणि शीर्षकात तो वेगळा काढून दाखवलेला आहे. प्रेमभंगाच्या या गीतात पालुपद म्हणून येणाऱ्या निरर्थक घोषातच खोटेपणाचा उच्चार गुंतवलेला आहे. वियोगगीतात कोण कोणाशी खोटे बोलले, एवढाच हा प्रश्न राहत नाही. गाणे स्वतःच खोटे बोलत आहे का, असाही तो होतो.

दहाव्या गीताचे ‘सनराइज, सनसेट’ हे शीर्षक १९६४मधील ‘फिडलर ऑन द रूफ’ या संगीतनाट्यातील प्रसिद्ध गीताचेही आहे. त्या नाट्यगीतात सूर्योदय-सूर्यास्ताचे चक्र म्हणजे मुले मोठी होण्याचा, कुटुंबाच्या वाढीचा क्रम असतो. ओबर्स्टच्या गीतात तेच चक्र यातनेचे होते. चाल जत्रेतील पाळण्यासारखी गोल फिरते, हळू सुरू झालेला स्वर किंकाळीपर्यंत जातो आणि तरीही चक्र तुटत नाही. येथे किंकाळी हा रचनेचा भंग नाही. आधीची संयत आवर्तने नसती तर ती नुसता आरडाओरडा ठरली असती. किती आवर्तनांनंतर आवाज फुटू द्यायचा याचा हिशेब या गीतामागे आहे. ज्याला ‘कच्चेपणा’ म्हटले जाते तो बऱ्याच अंशी अशा हिशेबांतून निर्माण होणारा परिणाम आहे.

५

अकरावे गीत ‘ॲन अटेम्प्ट टू टिप द स्केल्स’ संपते आणि रेडिओवरील मुलाखत सुरू होते. निवेदक अदबीने प्रश्न विचारतो. ‘कॉनर ओबर्स्ट’ उत्तरे देतो. हा आवाज मात्र ओबर्स्टचा नाही. ओमाहातील ‘द फेंट’ या गटाचा गायक टॉड फिंक ओबर्स्टची भूमिका करीत आहे. अल्बमभर ज्या आवाजाच्या अस्सलपणावर श्रोत्याने विश्वास ठेवला त्याच्या जागी, स्वतःविषयी बोलण्याची वेळ येताच, दुसऱ्याचा आवाज ठेवलेला आहे.

मुलाखतीतील तीन ठिकाणे महत्त्वाची आहेत. पहिले ठिकाण प्रतिमांविषयीचे. ताप म्हणजे माणसाला छळणारी व्याधी, आरसा म्हणजे आत्मपरीक्षण, तराजू म्हणजे तर्काने हिशेब मांडून प्रश्न सोडवण्याची धडपड, असे स्पष्टीकरण हा तोतया गीतकार पाठ्यपुस्तकी सुरात देतो. स्पष्टीकरण चुकीचे नाही, हीच त्यातली मेख आहे. ते बरोबर असूनही गीतांतून काहीतरी निसटून गेल्याची जाणीव श्रोत्याला होते. प्रतिमांची किल्ली हाती देऊन कुलूप तसेच राहते, हे दाखवणारी ही जागा समीक्षेलाही एक इशारा आहे.

दुसरे ठिकाण ॲरिएनेट हिच्याविषयीचे. ही व्यक्ती सहाव्या गीताच्या शीर्षकात येते. ती कोण, असे विचारल्यावर ती कदाचित ऐकत असेल म्हणून बोलणे नको, असे उत्तर मिळते. म्हणजे ती खरी आहे तर, असे निवेदक म्हणतो; त्यावर, नाही, ती रचलेली आहे, असे उत्तर येते; आणि मग तीही तुमच्या-माझ्याइतकीच खरी आहे, अशी पुस्ती जोडली जाते. विनोदाच्या रूपात असले तरी काव्यातील व्यक्तीच्या अस्तित्वाविषयीचे हे गंभीर विधान आहे. जी ऐकू शकते ती खरी. संबोधन केले की श्रोता अस्तित्वात येतो. आणि बोलणाराही त्या संबोधनापुरताच खरा असतो.

तिसरे ठिकाण सर्वांत अस्वस्थ करणारे आहे. १९९८च्या ‘लेटिंग ऑफ द हॅपिनेस’ या अल्बममध्ये ओबर्स्टने ‘पॅड्रिक माय प्रिन्स’ हे गीत गायिले होते. त्यातील ‘मी’चा लहान भाऊ न्हाणीच्या टबात बुडून मरतो. प्रत्यक्षात ओबर्स्टचा असा कोणी भाऊ बुडून मेला नव्हता. या मुलाखतीत तोतया गीतकार त्या भावाची आठवण काढतो आणि मग गोष्ट वाढवत नेतो. एक नव्हे, असे पाच भाऊ होते. आईने लागोपाठ पाच वर्षे दर वर्षी एकेकाला बुडवले. सर्वांचे नाव एकच होते आणि म्हणून त्यांना मिळून एकच गीत मिळाले. एका मृत्यूने हेलावणारा श्रोता पाच मृत्यूंनी हसतो. दुःखाची संख्या वाढवली की त्याची विश्वासार्हता कोसळते, हे ज्या सहजतेने येथे दाखवले आहे त्यावरून पहिल्या मृत्यूवरचा विश्वासही किती अल्प पुराव्यावर उभा होता, हे उघड होते. याच संभाषणात, लोकांनी आपली कीव करावी, काळीकुट्ट गुपिते ध्वनिक्षेपकात कुजबुजताना त्यांच्या नजरा आपल्याला जाळत राहाव्यात, असे वाटत असल्याची कबुलीही हा तोतया देतो. साऱ्या अल्बममधील सर्वांत उघड कबुली एका नटाच्या तोंडी आहे.

६

लायनल ट्रिलिंग याने ‘सिन्सिरिटी अँड ऑथेंटिसिटी’ (१९७२) या ग्रंथात सच्चेपणा आणि अस्सलपणा यांत भेद केला होता. मनात जे आहे आणि जे बोलले जाते त्यांत मेळ असणे म्हणजे सच्चेपणा. हा गुण मुख्यतः दुसऱ्याशी होणाऱ्या व्यवहारात दिसतो. अस्सलपणाची मागणी याहून कठोर असते. तीत समाजाने घडवलेल्या प्रत्येक भूमिकेविषयी संशय अनुस्यूत असतो. या भेदाच्या प्रकाशात मुलाखतीकडे पाहिले तर असे म्हणता येते की सच्चेपणा ही देखील एक भूमिका आहे, हे अल्बमने ओळखले आहे, आणि ती भूमिका वठवतानाच तिच्यावरील संशयही त्याने नोंदवला आहे.

मात्र ट्रिलिंगचा भेद अखेरीस बोलणाऱ्या व्यक्तीपाशीच घुटमळतो. श्रोत्याला जाणवणारे दुःख नेमके कोणाचे, या प्रश्नाला भारतीय काव्यशास्त्राने अधिक थेट भिडून उत्तर दिले आहे. ‘ध्वन्यालोका’त आनंदवर्धनाने वाल्मीकीच्या शोकाचा श्लोक झाल्याचा निर्देश केला. त्यावर ‘लोचना’त भाष्य करताना अभिनवगुप्ताने बजावले की हा शोक मुनीचा वैयक्तिक शोक समजू नये. तो तसा असता तर मुनी स्वतःच दुःखी झाला असता, आणि दुःखाने पोळलेल्या माणसाकडून काव्यरचना होणे संभवत नाही. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने पुढे नेलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेनुसार काव्यातील भाव ‘माझा’, ‘शत्रूचा’ किंवा ‘तटस्थाचा’ अशा संबंधांतून मुक्त होतो, तेव्हाच त्याचा आस्वाद शक्य होतो. ओबर्स्टला ही मीमांसा ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि प्रभावाचा दावाही येथे नाही. परंतु मुलाखत जे कार्य करते त्याचे वर्णन याच भाषेत अचूक करता येते. भाऊ गीतकाराचा आहे, हा संबंध ती तोडून टाकते. संबंध तुटल्यावरही जे हेलावणे शिल्लक राहते, ते मग गीताचे असते.

फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. संस्कृत मीमांसेत हा संबंध काव्यव्यापारातच, सहजपणे सुटतो. सहृदय तो सोडण्याची तयारी करूनच आलेला असतो. ध्वनिमुद्रणाच्या बाजारात श्रोत्याला नेमका तो संबंधच विकत घ्यायचा असतो. गायकाचे नाव, चेहरा, वय, घर, प्रेमप्रकरणे हे सारे गीताबरोबर विकले जाते. अशा परिस्थितीत साधारणीकरण आपोआप घडत नाही. ते घडवून आणण्यासाठी कलावंताला हिंसक म्हणावी अशी कृती करावी लागते. स्वतःच्याच विश्वासार्हतेला तडा द्यावा लागतो. बनावट मुलाखतीची कर्कशता या गरजेतून आली आहे.

मराठी समीक्षेला या ठिकाणी स्वतःचे एक साधन उपलब्ध आहे. बा. सी. मर्ढेकरांनी साहित्याच्या मोठेपणाचा विचार करताना वाङ्मयीन आत्मनिष्ठेचा निकष पुढे आणला. ही निष्ठा लेखकाच्या चरित्रातील घटनांशी नसून, अनुभवाचे जे स्वरूप त्याच्या जाणिवेत प्रत्यक्ष उमटते त्याच्याशी असते. आत्मनिष्ठ आणि आत्मचरित्रात्मक हे दोन शब्द मराठीत वेगळे आहेत. इंग्रजीतील सांगीतिक समीक्षेत मात्र ‘पर्सनल’ या एकाच शब्दाने दोन्ही अर्थ वाहून नेले जातात आणि गोंधळ होतो. बुडालेला भाऊ आत्मचरित्रात्मक नाही. तथापि भावंडाच्या मृत्यूच्या कल्पनेने ग्रासलेल्या, अपराधाचे कारण नसताना अपराधी वाटणाऱ्या मनाशी ते गीत निष्ठा राखते. हा भेद मान्य केला तर ओबर्स्ट ‘खरे’ बोलला की नाही, हा प्रश्न गैरलागू ठरतो. त्याऐवजी कोणते गीत अनुभवाच्या घाटाशी निष्ठा राखते आणि कोणते केवळ भावनेचा प्रघात पाळते, हा योग्य प्रश्न विचारता येतो.

७

तो प्रश्न विचारला की अल्बमच्या मर्यादाही दिसू लागतात. उपरोध हा आत्मपरीक्षणाइतकाच बचावाचाही मार्ग असतो. कीव हवी असल्याचे आधीच कबूल केले की कीव मागण्याचा आरोप करणाऱ्याला बोलायला जागा उरत नाही. मुलाखतीमुळे गीतांतील आत्मकरुणेचे अतिरिक्त अंश पुसले जात नाहीत. ते अतिरिक्त आहेत हे गीतकाराला ठाऊक होते, एवढेच सिद्ध होते. जाणीव म्हणजे सुधारणा नव्हे. आरसा, घड्याळ, दिनदर्शिका यांची पुनरावृत्ती काही ठिकाणी अर्थ वाढवते, तर काही ठिकाणी ती केवळ सवय वाटते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ॲरिएनेट असो किंवा सातव्या गीताच्या शीर्षकात काचेखाली सापडलेली जिज्ञासू मुलगी असो, या संग्रहातील स्त्री बहुधा संबोधनाचा किंवा निरीक्षणाचा विषय असते. प्रश्न तिला विचारले जातात. उत्तराला जागा नसते. मुलाखतीत गीतकाराच्या ‘मी’वर जो संशय घेतला जातो तो या ‘तू’पर्यंत पोहोचत नाही. आरशात पाहणाऱ्याची थट्टा होते, पण आरशात दुसरे कोणी का दिसत नाही, असे विचारले जात नाही.

निदान मुलाखतीत ते विचारले जात नाही. तिच्यानंतर बारावे, शेवटचे गीत येते. त्याचे नावच ‘अ साँग टू पास द टाइम’ असे, वेळ घालवण्यासाठीचे गाणे. त्यात नजर खिडकीबाहेर, रस्त्यावर जाते. एक मध्यमवयीन स्त्री पाय ओढत धुण्याचे कपडे लाँड्रीकडे नेत आहे. मुले रस्त्यात खेळत आहेत. ही माणसे ‘मी’च्या दुःखाची रूपके नाहीत; त्यांना स्वतःचे दिवस आहेत. आधीच्या दहा-अकरा गीतांत ज्या ‘मी’ने सारी जागा व्यापली होती तो थट्टेनंतर थोडा बाजूला सरकतो आणि इतरांना वाट मिळते. हे परिवर्तन पूर्ण आहे असे म्हणता येणार नाही. मात्र क्रम लक्षणीय आहे. मुलाखतीने ‘मी’ची मक्तेदारी मोडल्याखेरीज हे गीत शेवटी येऊ शकले नसते. २००५मधील ‘आय’म वाइड अवेक, इट्स मॉर्निंग’ या अल्बममध्ये ओबर्स्टची गीते शहर, युद्ध आणि इतरांची आयुष्ये यांकडे वळलेली दिसतात. त्या वाटेची सुरुवात येथे शोधता येते.

या प्रतिपादनाची एक उशिरा मिळालेली कसोटीही आहे. २०२२मध्ये ‘ब्राइट आइज’ने जुने अल्बम पुन्हा प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि प्रत्येकासोबत काही गीतांची नवी ध्वनिमुद्रणे दिली. त्यांत ‘हॅलाय’ हे गीत फीबी ब्रिजर्स या पुढच्या पिढीतील गायिकेच्या सहभागाने नव्याने गायिले गेले. विशीत लिहिलेले शब्द बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या तोंडी आले, आणि त्यांत दुसरा, स्त्रीचा आवाज मिसळला. गीत जर केवळ एका मुलाची एका क्षणाची कबुली असते, तर ते पुन्हा गाणे म्हणजे स्वतःच्या जुन्या जबानीची नक्कल करणे झाले असते. परंतु ते गाता आले. ज्या दिवसांनी ते गीत दिले ते दिवस संपल्यानंतरही, आणि ज्याला ते दुःख झाले असे मानले जात होते तो मुलगा उरलेला नसतानाही, गीतातला ‘मी’ दुसऱ्या वयाला आणि दुसऱ्या आवाजाला राहायला जागा देऊ शकला.

तरुण गीतकारांच्या आर्त गीतांपुढे समीक्षकाची नेहमी दोन प्रकारे फसगत होते. एक तर तो दुःखाचा पुरावा मागतो, किंवा पुरावा नाही हे कळल्यावर दुःखालाच नाटक ठरवतो. दोन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच समज आहे : गीत ही साक्ष आहे आणि समीक्षा ही उलटतपासणी. ‘फीवर्स अँड मिरर्स’ने ही उलटतपासणी स्वतःच, स्वतःच्या खर्चाने आणि दुसऱ्याच्या आवाजात करून दाखवली, आणि तिच्या अखेरीस साक्षीदार खोटा ठरूनही गाणे खरेच राहिले. साक्षीदार आणि गाणे यांतील हे अंतर ओळखणे, आणि ते अंतर प्रत्येक गीतात कोणत्या कारागिरीने सांभाळले आहे हे तपासणे, हे अशा गीतांच्या तौलनिक अभ्यासाचे पहिले काम ठरते.